ग्रीसमधली ‘तानाग्रा’ मातीची मूर्ती विकायला आहे. अस्सल आहे हे कसं ओळखावं?

नुसत्या फोटोंवरून ओळखता येत नाही; थर्मोल्युमिनेसन्स चाचणीचा (माती शेवटची कधी भाजली याचा अंदाज देणाऱ्या चाचणीचा) अहवाल आणि १९७० च्या (प्राचीन वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या युनेस्को कराराच्या वर्षाच्या) आधीपासूनची मालकीची कागदपत्रं, दोन्ही हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. ग्रीसच्या बिओशिया प्रांतातल्या तानाग्रा गावाजवळच्या प्राचीन कबरी १८७० च्या सुमारास उकरल्या जाऊ लागल्या, अंगभर वस्त्र लपेटलेल्या या बायकांच्या मूर्तींचं युरोपला वेड लागलं आणि मागणी पुरी होईना तसा नकलांचा धंदा फोफावला. त्यातल्या काही नामांकित संग्रहालयांच्याही गळ्यात पडल्या.

मूर्ती प्रत्यक्ष पाहता आली तर चेहऱ्याआधी पाठ बघा. इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकातली अस्सल मूर्ती आतून पोकळ असते. पुढची बाजू साच्यातून काढलेली, पाठ बहुधा साधीच आणि भाजताना तडकू नये म्हणून तिला भोक ठेवलेलं. (अर्थात भोक नकली मूर्तीलाही पाडता येतं.) रंग भाजल्यानंतर पांढऱ्या लेपावर लावायचे, त्यामुळे ते सहज झडतात, गुलाबी-निळ्याचे अवशेष मुख्यतः वस्त्राच्या चुण्यांत सापडतात. सगळीकडून टवटवीत रंगाची मूर्ती दिसली की मला तरी आधी शंकाच येते.

एक मेख मात्र आहे: थर्मोल्युमिनेसन्स चाचणी फक्त नमुन्यासाठी मातीची भुकटी जिथून काढली तो भाग शेवटचा साधारण कधी भाजला गेला एवढंच सांगते. जुन्या धडावर नवं डोकं बसवलेलं असू शकतं, म्हणून नमुने दोन्हींचे घेतलेत का, ते विचारा.