स्क्रिप्टमधून पॅकेज मॅनेजर ओळखायचा कसा?

तू विचारलंस, तुझी बॅश स्क्रिप्ट 'विच' (कमांड कुठे आहे ते सांगणारी कमांड) वापरून पॅकेज मॅनेजर, म्हणजे लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकणारा प्रोग्राम, शोधते, पण फेडोरा कंटेनरमध्ये डीएनएफ हा मॅनेजर असूनही 'पॅकेज मॅनेजर सापडला नाही' का म्हणते? कारण बहुतेक तिथे 'विच'च नाहीये. ती वेगळी कमांड आहे, छोट्या इमेजमध्ये बऱ्याचदा टाकलेलीच नसते, आणि डेबियनवाल्यांनी तर 2021 मध्ये ती डेप्रिकेटेड म्हणून वॉर्निंगपण द्यायला सुरुवात केली होती. त्याऐवजी 'कमांड डॅश व्ही' वापर, ते पॉझिक्स या युनिक्स-मानकात आहे आणि शेलमध्येच असतं. आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतलं बॅश काढून साधं एसएच कर, अल्पाइन लिनक्समध्ये बॅश आधीपासून नसतो.

पण नुसती कमांड आहे का बघून निर्णय घेऊ नकोस रे. फेडोरावरसुद्धा डेबियनचं एपीटी इन्स्टॉल करता येतं, आर्च लिनक्सवर डेबियनचंच डीपीकेजी टाकता येतं, आणि पॅकमॅन हा आर्चचा पॅकेज मॅनेजर, पण डेबियनच्या गेम्समध्ये पॅकमॅन नावाचा चक्क तो गोळ्या खाणारा पॅकमॅन असायचा! म्हणजे नाव सापडलं म्हणून सिस्टीम त्याच्यावर चालते असं नाही. आधी ईटीसीमधली ओएस-रिलीज फाइल वाच. त्यात आयडी (सिस्टीमचं नाव) बघ, तो ओळखीचा नसेल तर आयडी-लाइक (ती कोणत्या सिस्टीम्ससारखी आहे त्यांची नावं). मिंटच्या आयडी-लाइकमध्ये उबुंटू आणि डेबियन दोन्ही असतात, रॉकीत आरएचईएल (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स), सेंटओएस, फेडोरा, म्हणजे एकेक शब्द सुटा करून तपास, पूर्ण स्ट्रिंग जुळवत बसलास तर फसशील. फाइल सबशेलमध्ये (वेगळ्या उप-शेलमध्ये) सोर्स कर, म्हणजे वाचून घे, नाहीतर तिच्यातले नेम, व्हर्जन तुझ्या व्हेरिएबल्सवर बसतील.

आरएचईएल घराण्यात डीएनएफ आधी बघ, मग यम. आरएचईएल 8 पासून यम म्हणजे डीएनएफचीच लिंक आहे, सेंटओएस 7 मध्ये मात्र फक्त यम होतं. मिनिमल इमेजमध्ये दोन्ही नसून मायक्रोडीएनएफ असू शकतं. डेबियनकडे एपीटी नको, एपीटी-गेट, एपीटी स्वतःच सांगतं की स्क्रिप्टमध्ये जपून वापरा. आणि डेबियन-फ्रंटएंड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नॉन-इंटरॅक्टिव्ह ठेव, नाहीतर टाइमझोन विचारत बसेल.

खरी डोकेदुखी पुढे आहे, पॅकेजची नावं! लिब-एसएसएल-डेव्ह डेबियनकडे, ओपन-एसएसएल-डेव्हेल फेडोराकडे, अपाचे2 इकडे आणि एचटीटीपीडी तिकडे. म्हणून मॅनेजरऐवजी घराणं ओळखून प्रत्येकाची यादी वेगळी ठेव, एकच लांबलचक इफ-एल्स नको. सिल्व्हरब्लू (मूळ सिस्टीम न बदलता येणारा फेडोराचा प्रकार) वगैरे असेल तर रन फोल्डरमध्ये ओस्ट्री-बूटेड फाइल दिसते, तिथे हातच लावू नकोस. काहीच जुळलं नाही तर अंदाज न करता लागणारी पॅकेजेस छापून एक्झिट 1 (चूक झाली असं सांगून बंद) कर, माणूस बघून घेईल.