शाळेत मुलांकडून अ‍ॅनिमेशन करून घ्यायचं आहे, पण मला चित्रकला येत नाही. एकटीने जमेल का?

चित्रकलेची काळजी सोडा, ती मुलांना येते. पण एकटीने करू नका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला विज्ञान शिकवतो आणि पहिल्या वर्षी एकट्यानेच करायला गेलो होतो.

वालाच्या बीला मोड येतो ते हलत्या चित्रांत दाखवायचं ठरवलं. हिशेब सोपा वाटला. सेकंदाला १२ चित्रं, १० सेकंदांना १२०, वर्गात ३० मुलं, म्हणजे प्रत्येकी चार. वाटून टाकली. फोनवर ओळीने फोटो लावून पाहिले, तर दर चार चित्रांनी बी लहान-मोठी होत होती आणि बरणी जागा बदलत होती. मुलांचे चेहरे पडले, माझाही.

पुढच्या महिन्यात आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत ते तसंच दाखवलं. शेजारच्या हायस्कूलच्या कलाशिक्षकांना चूक लगेच दिसली. आधी मुख्य चित्रं ठरवा, म्हणाले. बी फुगली, साल फाटली, मूळ आलं, पान उघडलं. एवढी सगळ्या वर्गाने मिळून काढायची, मग मधली वाटायची. काढणाऱ्यासमोर त्याच्या आधीचं आणि नंतरचं मुख्य चित्र हवंच. अ‍ॅनिमेशनवाले पूर्वीपासून असंच करत आले आहेत, मला कुठे माहीत! गणिताच्या एका बाईंनी सुचवलं, की मूळ रोज पट्टीने मोजा आणि दर दिवसाला सारखीच चित्रं द्या. वाढ कमी त्या दिवशी चित्रांतला फरकही कमी. आलेख न काढता मुलांना वाढीचा वेग समजला.

खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या खेपेला मधली चित्रं आली, तेव्हा कितीतरी मुलांनी हिरवा कोंब आधी वर काढला होता आणि मूळ नंतर. मुख्य चित्रं भिंतीवर समोर लावलेली असताना! याच मुलांनी चाचणीत अंकुरणाचं उत्तर बिनचूक लिहिलं होतं. पाठ केलेलं वाक्य मधलं चित्र काढायला पुरत नाही. मग ओल्या फडक्यात वाल बांधले, रोज सोडून बघितले आणि चित्रं पुन्हा काढली. दादासाहेब फाळक्यांनीही ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीत वाटाणा लावून ठरावीक अंतराने त्याच्या वाढीची एकेक चौकट टिपली होती. ते सांगितल्यावर मुलं बरणीजवळून हलेनात.

सामान फार लागत नाही. एक फोन, स्टॉप मोशनचं (एकेक फोटो जोडून हलतं चित्र करणारं) एखादं मोफत अ‍ॅप, फोन अडकवायला दोन बाकं आणि पुस्तकांचा थर. खिडकीच्या उजेडात फोटो काढू नका, ढग आला की चित्र लुकलुकतं. बल्ब लावा, फोकस लॉक करा. फोनही नसेल तर छोट्या पॅडवर फ्लिपबुक, म्हणजे पानं भराभर सोडली की चित्र हलतं अशी वही, करा, तीही शेवटच्या पानापासून सुरू करा. म्हणजे खालचं चित्र वरच्या कागदातून दिसतं आणि गिरवता येतं.

सोबतीला दोन-तीन शिक्षक शोधा, शक्यतो वेगळ्या विषयांचे. विजया मुळे शिक्षणक्षेत्रातल्या, भीमसेन अ‍ॅनिमेशनमधले. ते एकत्र आले म्हणून १९७४ मध्ये ‘एक, अनेक और एकता’ ही अ‍ॅनिमेशन फिल्म झाली. आपल्या शिक्षकांच्या ग्रुपवर मात्र तयार व्हिडिओच फिरतात. ते वर्गात लावले की मुलं बघतात, तास संपतो. तुम्ही तिथे अर्धवट झालेलं टाका, बिघडलेलं टाका, आणि कुठे अडलं तेही लिहा. आमच्या केंद्रात आता चार शाळा हे करतात. चित्रांचे गठ्ठे क्रमांक घालून एकमेकींकडे जातात. मागच्या खेपेला एका शाळेने मुळापर्यंतची चित्रं काढली आणि पान उघडण्याची दुसऱ्या शाळेने.

वाल आधी रात्रभर भिजवा. आणि थोडे जास्तच घ्या, काही कुजतात.