‘फोर्स’ केव्हा, ‘कोअर्स’ केव्हा?

प्रश्न : मी बातम्यांचा इंग्रजी अनुवाद करतो. ‘भाग पाडले’ आले की ‘फोर्स्ड’ लिहितो; संपादक त्याचे कधी ‘कम्पेल्ड’ करतात, तर कधी ‘कोअर्स्ड’. तिन्हींचा अर्थ एकच नाही का?

उत्तर : नाही, आणि बातमीत तर हा फरक फार महत्त्वाचा. शब्द निवडण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : दबाव कोठून आला आणि तो आणणाऱ्यावर आपण ठपका ठेवतो आहोत का.

‘फोर्स’ सर्वांत मोकळा शब्द. दबाव माणसाचा असो, पावसाचा असो की आजारपणाचा, तो चालतो. ‘इलनेस फोर्स्ड हर टू रिझाइन’ हे वाक्य अगदी सहज आहे. तो अंगबळालाही लागतो : ‘दे फोर्स्ड द डोअर’ म्हणजे त्यांनी जोर लावून दार उघडले. इथे ‘कम्पेल’ किंवा ‘कोअर्स’ बसणार नाही. या दोन क्रियापदांचा दबाव इच्छेवर असतो आणि दाराला इच्छा नसते.

‘कम्पेल’च्या मुळाशी हाकणे, ढकलणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. ‘एक्स्पेल’, ‘रिपेल’, ‘प्रोपेल’ ही त्याचीच भावंडे. समोरच्याला दुसरी वाट उरली नाही, एवढेच ‘कम्पेल’ सांगतो. दबाव न्याय्य होता की अन्याय्य, यावर तो काही बोलत नाही. म्हणून न्यायालय, कायदा, पुरावा, परिस्थिती यांच्याशी त्याचे चांगले जुळते : ‘द कोर्ट कम्पेल्ड द कंपनी टू हँड ओव्हर द रेकॉर्ड्‌स.’ सूर औपचारिक. घरगुती बोलण्यात तो अवघडल्यासारखा वाटतो.

‘कोअर्स’मध्ये मात्र माणूस किंवा माणसांची सत्ता हवीच, आणि धमकी, धाक किंवा छळही हवा. पाऊस आपल्याला ‘फोर्स’ करेल, ‘कोअर्स’ करू शकणार नाही. हा शब्द निषेधाचा आहे. ‘अ कोअर्स्ड कन्फेशन’ लिहिले, की कबुलीजबाब धाकाने घेतला असा आरोप तुम्ही स्वतः केला. तो मूळ मजकुरात नसेल, तर अनुवादातही येता कामा नये. संपादक जिथे ‘कोअर्स्ड’ करतात तिथे मुळात धमकीचा उल्लेख आहे का, हे एकदा ताडून पाहा.

सहीचे एकच उदाहरण घेऊ. ‘ही वॉज फोर्स्ड टू साइन’ : मनाविरुद्ध सही केली, कारण काहीही असेल. ‘ही वॉज कम्पेल्ड टू साइन’ : नियमामुळे किंवा परिस्थितीमुळे गत्यंतर नव्हते. ‘ही वॉज कोअर्स्ड इंटू साइनिंग’ : कोणीतरी धमकावले. इथली रचनाही वेगळी आहे, ‘इंटू’ आणि पुढे ‘-इंग’. ‘ही साइन्ड अंडर ड्युरेस’ : धाकाखाली सही केली. ‘ड्युरेस’ हा कायद्याच्या भाषेतला शब्द, इंग्लंडच्या करार-कायद्यात अशी सही रद्द ठरवून घेता येते. ‘ही फेल्ट ऑब्लाइज्ड टू साइन’ : धाक कोणाचाच नव्हता, नाही म्हणणे बरे दिसले नसते एवढेच. मराठीत या पाचही ठिकाणी ‘सही करावी लागली’ म्हणून भागते, आणि अनुवाद करताना चूक होते ती तिथेच.

प्रश्न : ‘ही मेड मी टू वेट’ या वाक्यातला ‘टू’ शिक्षकांनी खोडला, पण ‘आय वॉज मेड टू वेट’ मधला ठेवला. असे का?

उत्तर : शिक्षकांचे बरोबर आहे. कर्तरी रचनेत ‘मेक’नंतर मूळ क्रियापद नुसते येते : ‘ही मेड मी वेट.’ वाक्य कर्मणी झाले की ‘टू’ परत येतो. ‘फोर्स’ आणि ‘कम्पेल’ यांना दोन्हीकडे ‘टू’ लागतो, आणि त्या सवयीने तो ‘मेक’लाही चिकटतो.

अर्थाने ‘मेक’ आपल्या ‘-यला लावणे’च्या अगदी जवळ आहे. त्यात सक्ती असेलच असे नाही. ‘शी मेड मी लाफ’ म्हणजे तिने मला हसवले. तिथे ‘फोर्स्ड’ घातले, तर धाक दाखवून हसायला लावल्यासारखे होईल.

प्रश्न : जेवणाचा किंवा थांबण्याचा आग्रह झाला की आम्ही ‘डोन्ट फोर्स मी’ म्हणतो. हे ठीक आहे का?

उत्तर : मराठी बोलताना ‘फोर्स करू नकोस’ रुळले आहे, कोणी गैर मानत नाही. इंग्रजीत मात्र हे वाक्य यजमानाला लागेल, कारण त्यात बळजबरीचा आरोप आहे. आग्रहासाठी ‘इन्सिस्ट’, ‘प्रेस’, ‘अर्ज’ (urge) हे शब्द आहेत. नकार द्यायचा असेल तर ‘प्लीज डोन्ट इन्सिस्ट’ म्हणावे, किंवा त्याहून मऊ ‘आय रिअली कान्ट, बट थँक यू’.

‘इन्सिस्ट’च्या रचनेत हमखास चूक होते. ‘ही इन्सिस्टेड मी टू स्टे’ अशुद्ध आहे. ‘ही इन्सिस्टेड दॅट आय स्टे’ किंवा ‘ही इन्सिस्टेड ऑन माय स्टेइंग’ असे लिहा. ‘अर्ज’ला मात्र ती रचना चालते : ‘ही अर्ज्ड मी टू स्टे.’

प्रश्न : ‘कम्पल्सरी’, ‘कम्पल्सिव्ह’ आणि ‘कम्पेलिंग’ यांत नेहमी गोंधळ होतो.

उत्तर : तिघांचे मूळ एक, पण दबावाची दिशा वेगळी. ‘कम्पल्सरी’त तो बाहेरून, म्हणजे नियमातून येतो : कम्पल्सरी विषय, कम्पल्सरी मतदान. ‘कम्पल्सिव्ह’मध्ये तो आतून येतो आणि माणसाला आवरत नाही. ‘अ कम्पल्सिव्ह लायर’ला खोटे बोलण्यावाचून राहवत नाही. अर्जात ‘अटेंडन्स इज कम्पल्सिव्ह’ लिहिले, तर हजेरीलाच मनोविकार जडल्यासारखे होते. ‘कम्पेलिंग’ बहुधा कौतुकाचा शब्द : ‘अ कम्पेलिंग आर्ग्युमेंट’ मान्य करण्यावाचून गत्यंतर नसते, ‘अ कम्पेलिंग स्टोरी’ खाली ठेववत नाही.

याच कुळातला ‘इम्पेल’ही लक्षात ठेवावा. कुतूहल, राग, विवेक यांनी माणसाला पुढे लोटले की तो वापरतात : ‘क्युरिऑसिटी इम्पेल्ड हर टू आस्क.’

प्रश्न : ‘पोलीस एन्फोर्स्ड पीपल टू वेअर हेल्मेट्‌स’ बरोबर आहे का?

उत्तर : नाही. ‘एन्फोर्स’चे कर्म नियम असतो, माणूस नव्हे. ‘द पोलीस एन्फोर्स्ड द हेल्मेट रूल’ असे म्हणा. माणसांचा उल्लेख हवाच असेल, तर ‘द पोलीस मेड पीपल वेअर हेल्मेट्‌स’.