केमोपासून पाळी बंद आहे आणि टॅमॉक्सिफेन सुरू आहे. आता मूल होईल का? आणि हात जड का वाटतो?

तुमची माहिती थोडक्यात अशी: वय ३२, स्तनाचा कर्करोग, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे स्त्री-हार्मोनवर पोसला जाणारा), हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू नावाचं प्रथिन वाढलेलं नसलेला). ऑपरेशनमध्ये काखेतल्या ग्रंथीही काढल्या, केमो आणि रेडिएशन संपलं, टॅमॉक्सिफेन, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनला कर्करोगाच्या पेशींवर काम करू न देणारी गोळी, सुरू होऊन चार महिने झाले.

आधी पाळीचं बघू, कारण सगळ्यात मोठा घोटाळा तिथेच होतो. पाळी बंद आहे म्हणजे दिवस जाणार नाहीत, असं धरून चालू नका. केमोने अंडाशयाचं काम थंडावतं. चाळिशीच्या आतल्या बायकांची पाळी बऱ्याचदा काही महिन्यांत, कधी वर्ष-दोन वर्षांनी परत येते. आणि स्त्रीबीज बाहेर पडतं ते पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी. म्हणजे पहिली पाळी दिसण्याआधीच गर्भ राहू शकतो. टॅमॉक्सिफेन गर्भनिरोधक नाही. बीज पिकवायला देतात त्या क्लोमिफेनच्याच घराण्यातलं औषध आहे ते. शिवाय ते चालू असताना राहिलेल्या गर्भात व्यंगाचा धोका असतो. तेव्हा निरोध किंवा कॉपर टी, यातलं काहीतरी हवंच. हार्मोन असलेली साधनं, म्हणजे गोळ्या, इंजेक्शन, हार्मोन सोडणारी टी, तुमच्या प्रकारच्या कर्करोगात टाळतात.

पाळी आली म्हणजे बीजांचा साठा पहिल्यासारखा आहे, असंही नाही. त्याचा अंदाज एएमएच ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी यांवरून घेतात. पण केमो संपल्या संपल्या एएमएच तपासून हातपाय गाळू नका. तेव्हा आकडा अगदी तळाला असतो, पुढच्या काही महिन्यांत तो थोडाफार वर येऊ शकतो. (हे वाचणाऱ्या कुणाची केमो अजून सुरू व्हायची असेल, तर बीजं गोठवण्याचा विषय आजच काढा. त्याला साधारण दोन आठवडे लागतात, पाळीच्या कोणत्याही दिवसापासून सुरुवात करता येते, आणि इस्ट्रोजेन फार चढू नये म्हणून सोबत लेट्रोझोल देतात.)

आता मुलाचं. टॅमॉक्सिफेन निदान ५ वर्षं घ्यायचं असतं, काहींना १० वर्षं. तोवर थांबलं तर वय निघून जातं, ही अडचण खरी आहे. पॉझिटिव्ह नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यात १८ ते ३० महिने हार्मोनचे उपचार घेतलेल्या, ४२ वर्षांपर्यंतच्या पाचशेहून अधिक बायकांनी मुलासाठी जास्तीत जास्त २ वर्षं खंड घेतला. सुमारे साडेतीन वर्षांच्या पाठपुराव्यात त्यांचा आजार उलटण्याचं प्रमाण, खंड न घेतलेल्या तशाच बायकांपेक्षा जास्त दिसलं नाही. हा दिलासा मोठा आहे, पण हार्मोन पॉझिटिव्ह आजार दहा-पंधरा वर्षांनीही उलटू शकतो, त्या मानाने साडेतीन वर्षं थोडीच. तुमच्या हिशेबाने अजून किमान १४ महिने गोळी, मग डॉक्टरांशी ठरवून बंद, शरीरातून औषध निघून जायला सुमारे ३ महिने, त्यानंतर प्रयत्न. बाळाला ऑपरेशन न झालेल्या बाजूने पाजता येतं, पण गोळी पुन्हा सुरू झाली की पाजणं बंद. बाळाच्या गडबडीत गोळी पुढे ढकलली जाते, म्हणून ती कधी सुरू करायची हे बाळंतपणाआधीच ठरवून ठेवा.

मध्येच कुणी ‘पाळी गेलीच आहे, लेट्रोझोल (शरीरात इस्ट्रोजेन बनू न देणारी गोळी) घ्या’ म्हणालं, तर अंडाशय दाबणारं इंजेक्शन सोबत आहे का, ते विचारा. अंडाशय जिवंत असताना नुसतं लेट्रोझोल काम करत नाही, उलट अंडाशयाला चाळवतं. आणि नैराश्यावरची किंवा अंगातून वाफा निघतात त्यावरची गोळी दिली, तर ती पॅरोक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन नाही ना, ते पाहा. टॅमॉक्सिफेनचं शरीरात ज्या प्रभावी रूपात रूपांतर व्हायला हवं, ते या दोन्ही गोळ्या अडवतात. व्हेनलाफॅक्सिन चालतं.

हाताचं जडपण अंगावर काढू नका. काखेतल्या ग्रंथी काढल्या की लसिकाद्रव, म्हणजे त्या ग्रंथींतून वाहून जाणारं शरीरातलं पाणी, हातात साचू शकतो. सूज डोळ्यांना दिसण्याआधी हात जड वाटतो, अंगठी किंवा बाही घट्ट होते. टेप घेऊन मनगटापासून दर १० सेंटिमीटरवर दोन्ही हातांचा घेर मोजा, महिन्यातून एकदा, दिवसाच्या त्याच वेळी. वापरातला हात मुळातच थोडा जाड असतो, म्हणून फरक किती आहे यापेक्षा तो वाढतोय का, हे पाहायचं. फरक २ सेंटिमीटरवर गेला तर लसिका-सुजेचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. दाब देणारी बाही मापानेच घ्यायची. चुकीच्या मापाची बाही वर काचते आणि पंजा सुजवते. ‘वजन उचलू नका’ हा सल्ला जुना झाला. अर्ध्या किलोपासून हळूहळू वाढवत केलेल्या व्यायामाने सूज वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे. काखेपासून कोपराकडे दोरीसारखी शीर ताणली जाते, तीही ताण देण्याच्या व्यायामाने सहसा सुटते. मात्र हात लाल, गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी अँटिबायोटिक हवं.

तपासण्यांचं फार नाही: पहिली ३ वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी, वर्षातून एकदा मॅमोग्राफी. लक्षण नसताना दरवर्षी पेट स्कॅन किंवा ट्यूमर मार्कर (कर्करोगाच्या खुणा शोधणारी रक्ततपासणी) करून आयुष्य वाढत नाही, धास्ती तेवढी वाढते. पोटरी एकाच बाजूने सुजली किंवा अचानक दम लागला तर थांबू नका, टॅमॉक्सिफेनने रक्ताची गुठळी होऊ शकते.

ब्राका जनुकांची (यांत दोष असला तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) तपासणी झाली नसेल, तर मुलाचा विचार करण्याआधी करून घ्या. दोष निघाला तर तो बाळात उतरण्याची शक्यता दर वेळी निम्मी असते. दुसऱ्या स्तनाचं आणि अंडाशयांचं काय करायचं, कधी करायचं, हेही मग बदलतं. भावंडांनाही कळवावं लागेल, भावांनासुद्धा.