पंचवीस अंकांवर ती का थांबते

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५ या संख्येला, तिचा भाग जाण्याचा गुणधर्म राखून, सव्विसावा अंक खरंच जोडता येत नाही, की संगणकाने तिथपर्यंतच शोधलं, असा तुमचा प्रश्न आहे. खरंच जोडता येत नाही, आणि ते कागदावर पाच मिनिटांत पडताळता येतं.

गुणधर्म ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डावीकडून पहिले दोन अंक घ्या, ३६, त्याला २ ने भाग जातो. ३६० ला ३ ने, ३६०८ ला ४ ने, असं करत अख्ख्या संख्येला २५ ने. ७ ची पायरी मुद्दाम करून बघा, ३६०८५२८ म्हणजे ७ × ५१५५०४. ११ ची मला सगळ्यात आवडते: ३६०८५२८८५०३ मधल्या एकाआड एक अंकांची बेरीज दोन्हीकडे २४ च येते, म्हणून ११ ने भाग जातो.

आता सव्विसावा अंक. संख्येपुढे ० लिहा आणि २६ ने भागून बाकी काढा. २६ म्हणजे २ × १३, म्हणून आधी १३ ची बाकी बघू. १००१ ला १३ ने भाग जातो, त्यामुळे मूळ संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आलटूनपालटून वजा-अधिक करायचे:

७२५ − ३६ + ७८६ − ४०० + ३६८ − ८५० + ५२८ − ६०८ + ३ = ५१६

५१६ ला १३ ने भागलं की बाकी ९. शून्य जोडल्यावर ९ ची ९० होते, म्हणजे १३ ने बाकी १२. शेवटी शून्य असल्याने संख्या सम आहे, म्हणून २६ ने भागलं तरी बाकी १२ च. ती भरून काढायला शून्याच्या जागी १४ हवा, आणि आपले अंक तर ९ लाच संपतात.

अर्थात यावरून फक्त ही एक वाट बंद झाली. अशी सगळ्यात मोठी संख्या हीच, हे ठरवायला सगळ्या वाटा चालाव्या लागतात. प्रत्येक पायरीवर, शेवटी ० ते ९ जोडून, लागोपाठच्या दहा संख्या हाताशी असतात, म्हणून १० पर्यंत कुणीच अडत नाही. ११ पासून गळती सुरू. नऊ अंकी अशा संख्या २४९२, दहा अंकीही बरोबर २४९२ (दहावा अंक ० च लागतो, दुसरा पर्यायच नाही). पंधरा अंकी ७७०, वीस अंकी ४४, चोवीस अंकी ३, पंचवीस अंकी ही एकटी. एक अंकीपासून सगळ्या मिळून २०४५६. प्रत्येक संख्या आधीच्या पायरीवरच्या संख्येतूनच उगवते, त्यामुळे शोधात काही निसटायला जागा नाही. मी प्रोग्राम लिहून हे मोजलंय, दहा-बारा ओळी पुरतात.

हाताने करायचं असेल तर धाकटं भावंड घ्या: १ ते ९ प्रत्येक अंक एकदाच वापरून अशी संख्या. पाचव्या जागी ५ च येतो, सम जागांवर सम अंक, चौथ्या जागी २ किंवा ६. उरलेल्या मोजक्या संख्यांना शेवटी ७ ची पायरी लावा, ३८१६५४७२९ एकटी टिकते.