मधे उभं राहिलो तर लोक काय म्हणतील

"मॅडम, रिकामं बसवत नाही, काहीतरी सुरू करून टाकतो." मी समुपदेशनाचं काम करते, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता समोरचा माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आतच मला ते ऐकू येतं. फॅक्टरीतून रिटायर झालेले काका, १७ वर्षं सर्व्हिस करून पस्तिशीतच घरी परतलेले फौजी, शाळेची नोकरी संपलेल्या बाई, सगळ्यांचं हेच. आणि घरच्यांची काळजी अशी की एकतर हे पैसे घालवून बसतील नाहीतर असेच गप्प गप्प होत जातील. म्हणून एक केस सांगते, त्यांना विचारून, ओळख पटेल ते बदलून.

भुसावळचे एक भाऊ, वय ३६, फुटबॉलचे गोलकीपर. रेल्वेच्या मैदानावर शिकले, मग मुंबईची लीग, मग आय-लीग ह्या देशपातळीवरच्या लीगच्या सेकंड डिव्हिजनच्या टीम, असे १२ सीझन, टीव्हीवर एकदाही दिसले नाहीत. करार सीझनपुरता, पुढच्या वर्षी बोलावलं तर बोलावलं. पूर्वी खेळाच्या जोरावर कंपनीत, बँकेत चिकटता यायचं, पण २०१० ला महिंद्रा युनायटेड आणि २०११ ला जेसीटी ह्या कंपन्यांच्या दोन्ही टीम बंद झाल्या तेव्हा हे ऐन उमेदीत होते आणि ती आशा तिथेच आटली. केंद्राची खेळाडू पेन्शन ऑलिंपिक, एशियाड, कॉमनवेल्थसारख्या ठिकाणी मेडल आणणाऱ्यांना, ह्यांचा त्यात प्रश्नच नाही. उजवा खांदा दोनदा निखळला, तिसऱ्यांदा निखळला तेव्हा क्लबने फोन उचलणं बंद केलं.

घरी आल्यावर दोन वर्षांत तीन धंदे. आधी मोबाईल कव्हरचं दुकान, मग पाण्याचे जार, मग मेहुण्याबरोबर रावेरकडची केळी उत्तरेला पाठवणं, त्यात भाव पडला आणि कर्ज ४ लाख २० हजारांवर गेलं. बायको त्यांना घेऊन जळगावला माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, हे घरात असून नसल्यासारखे. आणि दर रविवारी ते ग्लोव्हज धुतात, मला भीतीच वाटते."

ग्लोव्हजबद्दल मी मुद्दाम सगळं विचारलं. कोमट पाण्यात बुडवायचे, अंगठ्याने तळव्याचा फोम हळूहळू दाबायचा, पिळायचे अजिबात नाहीत, मग घरातल्या दोरीवर सावलीत, कारण आमच्याकडचं मे महिन्यातलं ४५ डिग्रीचं ऊन लागलं की फोम कडक होऊन तडकतो. पूर्ण सेशनमध्ये ते फक्त एवढंच सांगताना सरळ बसले होते. मी बायकोला म्हटलं, धुवू द्या.

पहिली चार सेशन तशी कोरडीच गेली. पाचव्याला मी विचारलं, "भाऊ, पेनल्टीला तुम्ही काय करायचे?"

"डावीकडे नाहीतर उजवीकडे उडी मारायचो. बॉल कुठे जातोय ते बघत बसलं तर पोचत नाही, ११ मीटरवरून येतो, अर्धा सेकंदपण मिळत नाही."

"मधे कधी उभे राहिलात?"

"नाही."

"का, मधे बॉल येत नाही?"

"येतो की."

"मग?"

ते डाव्या हाताची करंगळी चोळत बसले, ती मधल्या पेरात वाकडी झालेली आहे. मग म्हणाले, "उडी मारली आणि गोल झाला तर लोक म्हणतात बिचाऱ्याने ट्राय तरी केला. उभा राहिलो आणि गोल झाला तर म्हणतील खांबासारखा उभा होता."

मी फक्त एवढंच विचारलं, "आणि मोबाईलचं दुकान?"

बराच वेळ नुसता कूलरचा आवाज. मग हळूच, "ती पण उडीच होती ना मॅडम."

"पाण्याचे जार?"

"उडी."

"केळी?"

ते हसले आणि हसता हसताच डोळे भरून आले, "ती तर बॉल मारायच्या आधीच मारली."

हे मी त्यांना शिकवलं नाही, त्यांच्याच तोंडून आलं, आणि १८ वर्षं ह्या खुर्चीत बसून मला अशाच क्षणांसाठी काम करावंसं वाटतं. २००७ साली इस्रायलमधल्या संशोधकांनी २८६ पेनल्टी तपासल्या होत्या. त्यात कीपर शंभरातल्या साधारण ६ वेळाच मधे थांबले होते, आणि थांबले तेव्हा तिसरा हिस्सा बॉल अडवले, उडी मारून मात्र १३-१४ टक्केच. हे कळल्यावर भाऊंनी मलाच दुरुस्त केलं, "मॅडम, मधे थांबणं म्हणजे झोपणं नाही हां. टाचा वर असतात, नजर बॉलवर." बरोबरच आहे.

मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीने काम करणारी आहे, म्हणजे माणूस स्वतःशी जे बोलतो ते खरंच तसं आहे का हे त्याच्याबरोबर तपासायचं. माझ्या मते माणसाला खेळ सुटण्याने जेवढा त्रास होतो त्याहून जास्त त्रास "मी काही करताना दिसलो नाही तर मी काहीच नाही" ह्या स्वतःशीच चाललेल्या बोलण्याने होतो. म्हणून होमवर्क दिला की कुणी विचारलं काय चाललंय सध्या, तर "सध्या काही नाही" म्हणायचं आणि तिथेच गप्प व्हायचं, पुढे एक शब्द नाही. आठवडाभर त्यांना जमेना. शेवटी स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर म्हणून टाकलं. मी विचारलं, मग काय झालं? "काही नाही, त्याने सुट्टे मागितले."

घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. फंडाचे, ग्रॅच्युइटीचे पैसे पहिले सहा महिने एफडीत राहू द्या. मिळेल ती साधी नोकरी चालेल पण भांडवल घालायचा धंदा ह्या काळात नको. "मग पुढे काय" हा प्रश्न जेवताना तर नकोच. आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की तेरा दिवस कुणी कामाचं विचारत नाही, १२ सीझन गेले त्याला निदान थोडे महिने तरी द्या ना. झोप उडाली, जेवण तुटलं, जगण्याचाच कंटाळा आला असं बोलणं सुरू झालं तर मात्र वाट बघू नका, डॉक्टरांकडे न्या.

भाऊ चार महिने कुठल्याही धंद्यात पडले नाहीत. आता सावद्याकडे केळीच्या पॅकिंगवर सुपरवायझर आहेत, १६ हजार मिळतात, संध्याकाळी मैदानावर दोन पोरांना कीपिंग शिकवतात, कोचिंगच्या डी-लायसन्सचं बघताहेत. कर्ज अजून २ लाख ९० हजार आहे. ग्लोव्हज रविवारी धुतातच.

मागच्या महिन्यात ते आले ते एकटे नव्हते. बाहेर बाकावर त्यांचे साडू बसलेले, नुकतेच फौजेतून आलेले, पाठ ताठ, मांडीवर फाईल. भाऊ आत येऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, ह्यांना हार्डवेअरचं दुकान टाकायचंय. दिवाळीच्या आत."