बाबांना बरं करायचं काम बारावीतल्या पोराचं नाही

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मिस्टरांना अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या फुफ्फुसं जपणाऱ्या प्रोटीनची कमतरता निघाली, त्याच्या जीनच्या दोन्ही प्रती सदोष, 'झेड' प्रकारच्या, एम्फिसिमा झालाय म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या झिजल्यात, मुलगा बारावीला. मार्कांचं बघू नंतर. मी अडकलो ते 'मी त्याला रोज सांगते, डॉक्टर हो आणि बाबांना बरं कर' इथे. अहो रोज? म्हणजे एक पेपर बिघडला की त्याला वाटणार बाबांना धाप लागली ती माझ्यामुळे. पत्राच्या तळाशी त्याने बारीक अक्षरात 'मला केमिस्ट्री जास्त आवडते' लिहिलंय, ते पाकीट बंद करायच्या आधी वाचलंत का?

आणि तुमचा एक मोठा गैरसमज. शरीर हे प्रोटीन बनवतच नाही, बाहेरून भरलं की माणूस बरा, असं नाहीये. लिव्हर बनवतं, पण झेड प्रकारात ३४२ व्या जागेवरचं एक अमिनो अॅसिड बदललेलं असतं, त्यामुळे रेणू एकमेकांत गुंतून लिव्हरमध्येच साचतात आणि रक्तात थोडेच उतरतात. नावात ट्रिप्सिन असलं तरी त्याचं मुख्य काम फुफ्फुसात, तिथे सूज आली की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी इलॅस्टेज हे एन्झाइम सोडतात आणि हे प्रोटीन उंदराच्या सापळ्यासारखं त्याला धरतं, दोघंही बाद. सापळे कमी पडले की इलॅस्टेज फुफ्फुसाचे लवचिक धागेच कुरतडतं. इंजेक्शनने प्रोटीन दिलं तर झीज मंदावते, गेलेलं फुफ्फुस परत येत नाही, लिव्हरमधलं साचलेलं तर तसंच राहतं. एमबीबीएस होऊन तो हे कसं बदलणार?

१९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी हा आजार पकडला तो इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे विजेने रक्तातली प्रोटीनं वेगळी करण्याच्या चाचणीत, काही नमुन्यांत एक पट्टा दिसतच नाहीये हे बघून. केमिस्ट्री आवडणाऱ्या पोराची नजर अशाच ठिकाणी लागते.

नीट द्यायची तर देऊ दे, सोबत आयसरचा (विज्ञान शिकवणारी सरकारी संस्था) फॉर्म भरा, नाहीतर बीएससी बायोकेमिस्ट्री आहेच.

पण त्याआधी एक सांगा, त्याची स्वतःची तपासणी केलीत का? वडिलांच्या दोन्ही प्रती सदोष म्हणजे एक त्याच्याकडे आलेलीच आहे, तुमच्याकडूनही आली असेल तर त्याची फुफ्फुसं आत्तापासून जपायला हवीत, सिगरेट तर कधीच नाही. फॉर्मच्या तारखा राहू द्यात, या आठवड्यात डॉक्टरांना विचारून रक्त द्या, जमलं तर तुमचंही. आणि पुढचं पत्र त्यालाच लिहू दे, तुम्ही न वाचता पाठवा.